दहा, दहा, दहा, नऊ, दहा, दहा: पेंटॅटोनिकमधून टॅपिंगकडे

जळगावात माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना वर्ष-दीड वर्ष झालं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ते दोन्ही हात नेकवर ठेवून वाजवतात ना, ते शिकवा." मोबाइलवर कुणाला तरी वाजवताना पाहिलेलं असतं. घरी जाऊन बोटं आपटून पाहिलेली असतात आणि तारांची नुसती खडखड झालेली असते. विचारणाऱ्याला ए मायनर पेंटॅटोनिक या पाच सुरांच्या स्केलचा पहिला बॉक्स, म्हणजे बोटांच्या जागांचा ठरलेला आकार, बहुतेक वेळा पाठ असतो, थोडं हॅमर-ऑन (बोट आपटून सूर काढणं) आणि पुल-ऑफही (बोट ओढून सोडत सूर काढणं) येत असतं. तेवढं येत असेल तर टॅपिंगची अर्धी वाट चालून झालेली आहे. उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी हा लेख.

दोन हातांचं टॅपिंग म्हणजे काय ते आधी नीट बघू. आपल्याकडे वरातीत बँजो वाजतो. त्यात एक हात बटणं दाबतो आणि दुसरा तारा छेडतो. साध्या गिटारवरही कामाची वाटणी तीच: डावा सूर निवडतो, उजवा आवाज काढतो. टॅपिंगमध्ये ही वाटणी मोडते. उजव्या हाताचं बोट थेट फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या (फ्रेटच्या) फळीवर, तार दाबतं. त्या दाबण्याच्या ठोक्यानेच सूर उमटतो, पिकची गरज पडत नाही. मग ते बोट तार किंचित ओढून सोडतं आणि डाव्या हाताने खाली आधीच धरून ठेवलेला सूर वाजतो. म्हणजे हॅमर-ऑन आणि पुल-ऑफच, फक्त त्यातलं एक बोट दुसऱ्या हाताचं.

ही युक्ती एका माणसाची नाही. जेनेसिस बँडचा स्टीव्ह हॅकेट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच असं वाजवत होता. एमेट चॅपमनने तर दोन्ही हातांनी टॅप करण्यासाठीच वेगळं वाद्य बनवलं, त्याला चॅपमन स्टिक म्हणतात. पण जगभरच्या पोरांना वेड लावलं ते एडी व्हॅन हॅलनने. १९७८ साली त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि गिटार असंही वाजतं हे घराघरात कळलं. वाजवताना गिटार आडवी, सपाट राहावी म्हणून त्याने एक आधारही तयार केला आणि १९८७ साली त्याचं पेटंट मिळवलं. पुढे स्टॅनली जॉर्डनने दोन्ही हातांनी स्वतंत्र सुरावटी वाजवून दाखवल्या, जणू पियानोच. आपल्याला आज तिथवर जायचं नाही. एक बोट, पाच सूर, बस.

गिटार आधी टॅपिंगजोगी करा

तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर कितीही मेहनत करा, बोट दुखेल आणि सूर निघणार नाही. नव्या, स्वस्तातल्या गिटारींमध्ये हा दोष मी कायम पाहतो आणि मुलं बिचारी स्वतःच्या बोटांना दोष देतात. घरच्या घरी तपासायची सोपी रीत सांगतो. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. दोन जुनी, सपाट कार्डं एकावर एक ठेवून बाराव्या फ्रेटपाशी पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेखाली सरकवा. ती तारेला जेमतेम टेकत सरकली तर उंची दीड मिलिमीटरच्या जवळपास आहे, उत्तम. तिसरं कार्डही आरामात जात असेल तर ब्रिजवरच्या सॅडलचे स्क्रू एलन कीने थोडे खाली घ्या. एका वेळी अगदी थोडं फिरवायचं आणि पुन्हा वाजवून पाहायचं. तार फ्रेटला लागून खरखरायला लागली की जरा मागे या. नेकमधल्या ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या सळईला, मात्र माहितगार माणूस शेजारी नसताना हात लावू नका.

तारा ०.००९ इंचाच्या सेटच्या (पहिली तार तेवढ्या जाडीची) घ्या. पातळ तार ठोक्याला लगेच उत्तर देते.

खान्देशातल्या माणसाने तारांकडे आणखी एका कारणाने लक्ष द्यायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. घामेजल्या बोटांनी अर्धा तास वाजवलं आणि गिटार तशीच ठेवली की आठ दिवसांत तारा काळवंडतात, बोटाला खरखरीत लागतात. टॅपिंगमध्ये तार ओढून सोडायची असते, म्हणून गंजकी तार इथे जास्त छळते. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सात ही रियाझाची खरी वेळ. बोटं कोरडी असतात आणि घरही शांत असतं.

पहिले पंधरा दिवस अँप लावू नका. हे मी आग्रहाने सांगतो. डिस्टॉर्शन (आवाज फाटका, भरदार करणारा इफेक्ट) लावलं की कसाही टॅप मोठा वाजतो आणि आपला गैरसमज होतो. इलेक्ट्रिक गिटार कोरडी वाजवा. शेजारच्या माणसाला टॅपिंगचे सगळे सूर सारखे ऐकू आले पाहिजेत. संध्याकाळी वीज गेली तर मी माझ्या विद्यार्थ्यांना हाच धडा देतो. अंधारात फ्रेट दिसत नाहीत, त्यामुळे कान आपोआप पुढे येतो.

बॉक्स आणि त्यावरचा एक जिना

ए मायनर पेंटॅटोनिकमध्ये पाच सूर आहेत: ए, सी, डी, ई, जी. पहिला बॉक्स पाचव्या फ्रेटवर बसतो. जाड तारेपासून बारीक तारेकडे डाव्या हाताच्या जागा अशा:

सहावी तार: ५, ८
पाचवी तार: ५, ७
चौथी तार: ५, ७
तिसरी तार: ५, ७
दुसरी तार: ५, ८
पहिली तार: ५, ८

पाचव्या फ्रेटवर तर्जनी, सातव्यावर अनामिका, आठव्यावर करंगळी. करंगळी अशक्त वाटत असेल तर आठव्यावरही अनामिका चालेल, पण महिनाभरात करंगळीवर या.

आता प्रत्येक तारेवर स्केलमधला पुढचा एक सूर उजव्या हाताने वाजवायचा. तो कुठे आहे? सहाव्या तारेवर दहाव्या फ्रेटवर. पाचवीवर दहा, चौथीवर दहा, तिसरीवर नऊ, दुसरीवर दहा, पहिलीवर दहा. लेखाचं शीर्षक तेच आहे. पाठ करून टाका.

मधेच नऊ का, हे समजून घेतलं तर पाठांतराचीही गरज उरत नाही. कानाने गिटार सुरात लावायची जुनी पद्धत आठवा. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा सूर मिळतो. पाचवीवरून चौथी तशीच, चौथीवरून तिसरी तशीच. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा फ्रेट दाबायचा. दुसरीवरून पहिली पुन्हा पाचव्याने. पाच, पाच, पाच, चार, पाच. आपला बॉक्स पाचव्या फ्रेटवर आहे. पाचात पाच मिळवले की दहा, आणि तिसऱ्या तारेवर पाचात चार मिळवले की नऊ. म्हणजे प्रत्येक तारेवर उजव्या हाताने जो सूर टॅप करतो, तोच सूर पुढच्या बारीक तारेच्या पाचव्या फ्रेटवर असतो. पहिल्या तारेला पुढची तार नाही, पण तिथे सहाव्या तारेसारखंच दहा. दोन्ही तारा ई च्याच आहेत ना.

हा जिना एकदा डोळ्यांसमोर उभा राहिला की फ्रेटबोर्ड परका वाटत नाही. मला स्वतःला टॅपिंग आवडायला लागलं ते याच गोष्टीमुळे. तोवर मी नुसते आकडे पाठ करून वाजवत होतो.

पहिला टॅप

पिक अंगठा आणि तर्जनीत नेहमीसारखं धरा आणि टॅप मधल्या बोटाने करा. काही जण पिक तळहातात लपवून तर्जनीने टॅप करतात. तसंही चालतं, पण मधल्या बोटाची सवय असेल तर टॅपिंगमधून परत पिकवर येताना हात अडखळत नाही. उजव्या हाताचा अंगठा नेकच्या वरच्या कडेला हलकेच टेकवा. हाताला टेकण मिळालं की बोट दर वेळी त्याच जागी पडतं.

पहिली तार घ्या. डाव्या हाताची तर्जनी पाचव्यावर, करंगळी आठव्यावर. दोन्ही बोटं आधीच दाबून ठेवायची. मग उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने दहाव्या फ्रेटवर, फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे, नेमका ठोका द्या. बोट लांबून आणायचं नाही. तारेपासून बोटभर अंतर पुरे. आपण ठोकतोय फ्रेटवर, लाकडावर नाही, त्यामुळे जोर लागतो त्याहून नेमकेपणा जास्त लागतो. सूर उमटला की बोट तिथेच थोडं थांबवा आणि ऐका. डी ऐकू आला?

आता सोडायचं. नवा माणूस इथेच चुकतो. तो बोट सरळ वर उचलतो आणि पुढचा सूर मरतो. बोट तळहाताकडे किंचित वळवत, म्हणजे छताच्या दिशेने, तार जराशी ओढत सोडा, जणू बोटानेच तार छेडली. आठव्या फ्रेटवरचा सी वाजेल. मग करंगळीही तशीच ओढून सोडा, पाचव्या फ्रेटवरचा ए वाजेल. काही वादक उजवं बोट उलट्या दिशेला, जमिनीकडे झटकतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, मात्र एक ठरवा आणि तीच ठेवा.

१० – ८ – ५. टॅप, सोड, सोड. डी, सी, ए.

हे तीन सूर सारख्या आवाजात येईपर्यंत दुसऱ्या तारेवर जायचं नाही. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दहा. बहुतेकांचा पहिला सूर मोठा येतो, दुसरा त्याहून बारीक आणि तिसरा जवळजवळ नसतोच. त्यावर उपाय असा: टॅप हळू करा आणि सोडणं जोरकस करा. टॅपिंगमधले तीनपैकी दोन सूर सोडण्यातून येतात. ठोका दिसायला झकपक दिसतो, पण रियाझ सोडण्याचा करायचा असतो. मी विद्यार्थ्यांना आठवडाभर नुसतं ८ – ५ असं डाव्या हाताचं पुल-ऑफ करायला लावतो, उजवा हात मांडीवर ठेवून. कंटाळा येतो खरा. पण ज्यांनी ते केलं त्यांचं टॅपिंग महिनाभराने वेगळं ऐकू येतं.

उजव्या मधल्या बोटाचं टोक सुरुवातीला हुळहुळेल. डाव्या हाताची बोटं पहिल्यांदा दुखली होती तसंच. कातडी टणक होते आणि ते थांबतं. मनगटात किंवा कोपराजवळ कळ यायला लागली तर मात्र त्याच क्षणी थांबा आणि त्या दिवशी पुन्हा गिटार घेऊ नका. ती कळ आणि बोटाचं हुळहुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहाही तारांवरून खाली

पहिल्या तारेकडून सहाव्या तारेकडे उतरायचं. प्रत्येक तारेची सुरुवात टॅपनेच होते, म्हणून हा प्रवास चढण्यापेक्षा सोपा.

पहिली तार: १० – ८ – ५
दुसरी तार: १० – ८ – ५
तिसरी तार: ९ – ७ – ५
चौथी तार: १० – ७ – ५
पाचवी तार: १० – ७ – ५
सहावी तार: १० – ८ – ५

वाजवताना ऐका: पहिल्या तारेवर शेवटी ए येतो आणि दुसऱ्या तारेवर टॅपही ए चाच. दुसरीचा शेवट ई, तिसरीचा टॅप ई. प्रत्येक वळणावर एकच सूर दोनदा येतो, एकदा डाव्या हाताचा आणि एकदा उजव्याचा. हे दोन सूर तंतोतंत एक ऐकू आले पाहिजेत. तसे येत नसतील तर एक तर गिटार उतरली आहे किंवा तुम्ही टॅप करताना तार बाजूला ढकलताय. ट्यूनर न लावता मिळणारी ही तपासणी आहे, दर वेळी करा.

दोनदा येणारा सूर नको असेल तर पहिल्या पाच तारांवर पाचवा फ्रेट गाळा. पहिलीवर १०–८, दुसरीवर १०–८, तिसरीवर ९–७, चौथीवर १०–७, पाचवीवर १०–७ आणि शेवटी सहावीवर १०–८–५. आता डी, सी, ए, जी, ई, डी, सी, ए, जी, ई, डी, सी, ए अशी एकसंध उतरण मिळते, मधे एकही सूर पुन्हा येत नाही. तर्जनी पाचव्यावर टेकलेली ठेवाच, तिला दुसरं काम आहे. ते पुढे येतं.

चढताना ५ – ८ – १० असं जायचं. इथे अवघड असं की नव्या तारेवरचा पहिला सूर तर्जनीने पिकशिवाय, नुसत्या ठोक्याने काढायचा असतो. तो दुबळा येतो. पहिला महिनाभर तो सूर पिकने काढा, उरलेले दोन हॅमर-ऑनने. हळूहळू पिक बंद करा.

नको असलेल्या तारा गप्प करणं

अँप लावल्यावर पहिल्यांदा कळतं की आपण एक तार वाजवतोय आणि बाकीच्या पाच आपोआप बोलताहेत. हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ शिकवतो. गाळीव, स्वच्छ टॅपिंग आणि गोंगाट यातला फरक वेगाचा नसतो, गप्प असलेल्या तारांचा असतो.

डाव्या तर्जनीला तीन कामं द्या. ती पाचव्या फ्रेटवर आपली तार दाबते. तिचं टोक वरच्या, जाड तारेला नुसतं टेकलेलं असतं, दाबत नाही. आणि तिचा पोटाकडचा भाग खालच्या बारीक तारांवर आडवा पडलेला असतो, तोही न दाबता. म्हणजे एका बोटाने आपली तार वाजती आणि शेजारच्या तारा मुक्या. तर्जनी फार ताठ, कमानीसारखी उभी धरली तर हे जमत नाही. थोडी चपटी ठेवा.

त्याहून वरच्या जाड तारा उजव्या हाताच्या जबाबदारीत. टॅप करताना तळहाताची कड त्यांच्यावर हलकी टेकवा. पहिल्या तारेवर टॅप करताना पाच तारा झाकायच्या असतात, सहाव्या तारेवर काम करताना एकही नाही. म्हणून तळहात तारेबरोबर वर-खाली सरकत राहतो. हे डोक्याने करायला गेलात तर अडकाल. एका तारेवर पाच मिनिटं, मग शेजारच्या तारेवर पाच मिनिटं असं करत हाताला सवय लागू द्या.

आणखी एक आवाज असतो, तो बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ठोका दिला की बोटाच्या दोन्ही बाजूंची तार हलते. ब्रिजकडचा भाग आपला सूर देतो आणि नटकडचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाकडचा, भाग बारीकसा भलताच सूर देतो. मोठे वादक यासाठी नटजवळ कापडी पट्टा बांधतात. बाजारातला पट्टा घ्यायची गरज नाही. बहिणीचा केसांचा कापडी रबर पहिल्या फ्रेटपाशी गुंडाळला तरी तेच काम होतं. मोकळ्या तारा वाजवायच्या नसतील तेव्हाच तो लावा. रियाझ मात्र रबराशिवाय करा, नाहीतर हाताचं म्यूटिंग कधी शिकणारच नाही.

अँपवर गेन मध्यम ठेवा आणि नेककडचा पिकअप निवडा. टॅप केलेला सूर त्यावर गोल येतो. मोबाइलमधल्या अँपच्या अॅपवर वाजवणार असाल तर वायरचे हेडफोन वापरा. ब्लूटूथमधून आवाज उशिरा पोचतो. बोट पडल्यावर क्षणभराने सूर ऐकू आला की लय हातून सुटते, आणि चूक कुठे आहे तेही कळत नाही.

लय

टॅप, सोड, सोड हे तीन सूर. तीन-तीनचे दोन गट झाले की सहा मात्रा, आणि सहा मात्रांचा दादरा तुम्ही भजनात, लग्नात, गणपतीत शंभर वेळा ऐकलेला आहे. धा धी ना, धा ती ना. तोंडाने बोल म्हणत वाजवा, प्रत्येक 'धा'वर टॅप. मेट्रोनोम ५० वर ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला तीन सूर बसवा. हे सहज वाटायला लागल्यावर ५५, मग ६०. दोन दिवसांत पाचाहून जास्त वाढवू नका. ठोक्यांच्या मधली जागा सारखी आहे का, हे ऐकायचं असेल तर बोल म्हणणं मेट्रोनोमपेक्षा जास्त उपयोगी पडतं. जीभ अडखळली की बोटं अडखळणारच.

चाराच्या लयीसाठी १० – ८ – ५ – ८. शेवटचा आठ हा डाव्या हाताचा हॅमर-ऑन. इथे केहरव्याचे बोल घ्या: धा गे ना ती, न क धी ना. 'धा'वर आणि 'न'वर टॅप येईल.

हे दोन्ही जमले की एक गंमत करून बघा. तीन सुरांची १० – ८ – ५ ही ओळ चार-चारच्या लयीत वाजवा, म्हणजे मेट्रोनोमच्या एका ठोक्याला चार सूर. टॅप आता ठोक्यावर पडत नाही, पुढे पुढे सरकतो आणि बारा सुरांनी परत ठोक्यावर येतो. ऐकणाऱ्याला वाटतं वादक फार जोरात आहे, आणि बोटं तर तेच साधं वाजवत असतात. अमळनेरच्या एका विद्यार्थ्याच्या घरी तो हे वाजवत असताना त्याची आजी ओट्यावरून आत आली आणि म्हणाली, "हाऊ काय करी ऱ्हायना?" मी म्हटलं, आजी, बोल म्हणतोय गिटारवर. ती खाली बसली आणि मांडीवर ताल धरून बघू लागली. बारा सूर झाल्यावर तिची टाळी आणि त्याचा टॅप बरोबर एकत्र आले.

टॅपचं बोट फिरवा

इतके दिवस उजवं बोट दहाव्यावर बांधलेलं होतं. आता पहिल्या तारेवर डावा हात ५ आणि ८ वर तसाच ठेवा आणि टॅप १०, १२, १५, १७ असा सरकवा. डी, ई, जी, ए. चारही सूर स्केलमधलेच. बाराव्यावर टॅप केलं की ए, सी, ई मिळतात, म्हणजे ए मायनर कॉर्डच. हे टॅपिंगमधलं सगळ्यात ओळखीचं वळण.

इथे एक खड्डा आहे. पहिल्या तारेवर १२ छान वाजलं म्हणून तोच आकार मुलं दुसऱ्या तारेवर नेतात. दुसऱ्या तारेचा बारावा फ्रेट बी आहे, आणि बी आपल्या पाच सुरांत नाही. तिथे १० किंवा १३ घ्या. १३ घेतलं की ई, जी, सी, म्हणजे सी मेजर. तिसऱ्या तारेवर दहावा फ्रेट एफ आहे, तोही बाहेरचा. तिथे ९, १२, १४. आकार न हलवता सूर हलवायचे, हे पक्कं ठेवा. प्रत्येक तारेवरच्या जागा वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढा. मी काढून दिलेला कागद उपयोगी पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मग मींड. दहाव्यावर टॅप करा आणि बोट न उचलता बाराव्यावर सरकवा, परत दहाव्यावर या, मग सोडा. एका ठोक्यात तीन सूर मिळतात आणि गळ्यासारखी लवचीकता येते. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी बेंड करून, म्हणजे तार बाजूला ताणून, ई पर्यंत न्या आणि तो ताण धरून ठेवत बाराव्यावर टॅप करा. ए वाजेल. टॅप सोडल्यावर बेंडही हळूहळू उतरवा. याला वेळ लागतो, घाई नको.

तेच पाच सूर, वेगळं घर

हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्या वाचकाला एव्हाना शंका आली असेल. ए ला सा धरलं तर हे सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे होतात. धानी रागाचे सूर. सी ला सा धरलं तर सा, रे, ग, प, ध. हा भूप. डी ला सा धरलं तर मधमाद सारंगाचे सूर, ई ला धरलं तर मालकंसाचे, जी ला धरलं तर दुर्गाचे. एकच बॉक्स, बोटांच्या त्याच जागा, आणि कुठल्या सुरावर विसावता त्यानुसार पाच वेगळी घरं. नुसते सूर वाजवले म्हणजे राग झाला असं नाही. रागाचं चलन, त्याचे न्यास गुरूकडूनच शिकायचे. पण टॅपिंगच्या रियाझाला याचा मोठा उपयोग आहे. मित्राला तंबोऱ्याच्या अॅपवर सी चा षड्ज लावायला सांगा आणि याच बॉक्समध्ये दर ओळ सी वर संपवत वाजवा. दुसऱ्या दिवशी ए चा षड्ज लावून दर ओळ ए वर संपवा. बोटांना फरक कळणार नाही, कानाला नक्की कळेल. टॅप करणाऱ्या मुलांचं वाजवणं कवायतीसारखं होतं, कारण त्यांना ओळ कुठे संपवायची ते माहीत नसतं. मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

दुसऱ्या पट्टीत नेताना

तुम्ही एखाद्या भजनी मंडळाबरोबर किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल तर गायक ए मायनर म्हणणार नाही. तो म्हणेल, काळी एक. काळी एक म्हणजे सी शार्प. गाणं धानीच्या वळणाचं, मायनर असेल तर सहाव्या तारेवर सी शार्प नवव्या फ्रेटला आहे, बॉक्स तिथे बसवा. टॅप नऊ अधिक पाच, म्हणजे चौदावर, आणि तिसऱ्या तारेवर नऊ अधिक चार, म्हणजे तेरावर. गाणं भूपाच्या वळणाचं असेल तर बॉक्स तीन फ्रेट खाली, सहाव्या फ्रेटवर आणा. टॅप अकरावर, तिसऱ्या तारेवर दहावर. मग सहाव्या तारेवर करंगळीखाली, नवव्या फ्रेटला तुमचा सा येईल. काळी चार, म्हणजे जी शार्प सांगितली तर मायनरसाठी बॉक्स चौथ्यावर, टॅप नऊवर, तिसऱ्या तारेवर आठवर.

कार्यक्रमाच्या आधी ही बेरीज एकदा करून गिटारच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. गायक ऐन वेळी पट्टी बदलतात.